तेलाच्या गावात मधलं घर कुठलं? मॅकेन्झी काउंटीच्या मध्यक उत्पन्नाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या मॅकेन्झी काउंटीवर (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने अमेरिकन जनगणना विभागाचा बी १९०१३ हा तक्ता, म्हणजे घरटी मध्यक उत्पन्नाचा (रांगेतल्या मधल्या घराच्या कमाईचा) तक्ता, वर्षामागून वर्ष उतरवून घेतला. २००९ पासूनचे सगळे आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि रेघ काढली. मार्गदर्शकांनी ती बघून विचारलं, “२०१५-१६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, रिग्ज (तेलविहिरी खोदणारी यंत्रं) बंद पडल्या, आणि तुझ्या रेघेला त्याची खबरच नाही?” आता तिला दोन गोष्टी हव्या आहेत. खरा आकडा कुठला, आणि ही रेघ १९८० पर्यंत मागे नेता येईल का? सोबत १९७९ चा एक आकडाही तिने दिलाय. पुढचं उत्तर तिलाच उद्देशून.

मी गेली बरीच वर्षं मिडवेस्टमधल्या लहान काउंट्यांसाठी हेच काम करतो. घरबांधणीचे आराखडे, शाळांचे अंदाज, अनुदानाचे अर्ज, सगळीकडे हा एक आकडा लागतो. त्यामुळे आधीच सांगतो, तुमच्या मार्गदर्शकांची शंका रास्त आहे. पण आकडेही चुकलेले नाहीत. ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतात, तो तुमचा प्रश्न नाही, एवढंच.

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, यापुढे नुसतं एसीएस, दरवर्षी देशभरातल्या सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो. ऐकायला प्रचंड वाटतं, पण मॅकेन्झीसारख्या काउंटीच्या वाट्याला त्यातली मोजकीच घरं येतात. म्हणून एका वर्षाचे आकडे फक्त ६५,००० च्या वर लोकसंख्या असलेल्या भागांचे निघतात. बाकीच्यांसाठी पाच वर्षांची उत्तरं एकत्र करून एक आकडा काढतात. २००५ ते २००९ चा पहिला असा संच डिसेंबर २०१० मध्ये आला. तुमच्या तक्त्यात ‘२००९’ म्हणून बसलाय तो हाच. म्हणजे तुमच्या एक्सेलमधली प्रत्येक ओळ ही एक वर्ष नसून पाच वर्षांचं एकाच बरणीत मुरलेलं लोणचं आहे. त्यातून सर्व्हे प्रत्येकाला ‘गेल्या बारा महिन्यांचं’ उत्पन्न विचारतो, त्यामुळे जानेवारीत भेटलेल्या माणसाचं उत्तर जवळजवळ सगळं आदल्या वर्षाचं असतं. पाच वर्षांच्या संचात प्रत्यक्षात जवळपास सहा वर्षांची कमाई शिरते.

आता २०१०–१४ आणि २०११–१५ हे शेजारचे दोन संच घ्या. दोघांत चार वर्षं सामाईक आहेत. पहिल्यातून २०१० गेलं, दुसऱ्यात २०१५ आलं. मग दोन्ही आकड्यांतला फरक काय सांगतो? २०१४ पेक्षा २०१५ कसं गेलं हे नाही, २०१० पेक्षा २०१५ कसं गेलं ते, आणि तेही पाचाने भागून. मध्यकाला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, सरासरीला पडतं, पण दिशा हीच. बॅकन या तिथल्या तेलपट्ट्यात २०१० म्हणजे तेजीची सुरुवात. २०१५ घसरणीचं असलं तरी २०१० पेक्षा बरंच. मग रेघ खाली येईलच कशी? बाजार बसल्यावरही ही रेघ दोन-तीन वर्षं चढत राहू शकते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, तोंडघशी पडून शिकलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका तेलाच्या काउंटीच्या आयुक्तांसमोर मी नेमकी तुमच्यासारखी रेघ दाखवली होती. खोलीत पंधरा-वीस माणसं होती. मी ‘उत्पन्नात सातत्याने वाढ’ म्हणालो आणि मागच्या रांगेतला टोपीवाला म्हातारा पशुपालक शांतपणे म्हणाला, “माझ्या कुंपणापलीकडे ट्रकांचं आवार होतं. गेल्या हिवाळ्यापासून तिथे एक ट्रक नाही. तुमचा कागद कुठल्या गावाचा आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी परतताना गाडीत ते सापडलं, पण उशिरा सापडलेलं उत्तर सभेत काय कामाचं!

तेव्हा पहिला नियम: एसीएसचे संच एकमेकांत शिरणार नाहीत असेच निवडा. २००५–०९, २०१०–१४, २०१५–१९, आणि पुढे २०२०–२४. तुमचं नशीब असं की या काउंटीसाठी हे तुकडे अगदी नेमके पडतात. पहिला बहुतांशी तेजीच्या आधीचा. दुसरा भर तेजीचा. २०१२ मध्ये राज्यात दोनशेच्या वर रिग्ज चालू होत्या आणि २०१४ च्या मध्यापर्यंत तेल शंभर डॉलरच्या आसपास होतं. तिसऱ्याची सुरुवातच पडझडीत. २०१६ च्या फेब्रुवारीत भाव तीस डॉलरच्या खाली, उन्हाळ्यापर्यंत रिग्ज तीसच्या आत. चौथ्यात कोविड आला आणि २०२० च्या सर्व्हेला प्रतिसाद कमी मिळाला, तोही खालच्या उत्पन्नगटांतून जास्त कमी. चौथा वापरताना तळटीप हवीच.

आकड्यापुढचं ‘±’, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते सांगणारं मार्जिन, सोडून देऊ नका. जनगणना विभाग ते ९० टक्के विश्वासपातळीवर देतो. समजा (हे आकडे माझ्या मनचे आहेत) एका संचात ६८,००० ± ६,००० आणि पुढच्यात ७५,००० ± ७,००० असं आलं. दोन्ही एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आणलेत असं धरू. वाढ सात हजारांची. फरकाचं मार्जिन काढायला दोन्ही मार्जिनांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या: ३६ अधिक ४९, म्हणजे ८५, त्याचं मूळ सुमारे ९.२, म्हणजे ९,२०० डॉलर. सात हजार त्याच्या आतच राहिले. तेव्हा ‘उत्पन्न वाढलं’ असं ठामपणे लिहिता येणार नाही. ‘वाढल्यासारखं दिसतं’ एवढंच. ही बेरीजही संच वेगळे असतील तरच चालते. एकमेकांत शिरलेल्या संचांना हे सूत्र सरळ लावता येत नाही. आणि डॉलर बदलताना आकड्याबरोबर मार्जिनलाही तोच गुणक लावा. हे नव्वद टक्के लोक विसरतात.

वर्षाचा आकडाच हवा असेल तर दुसरा स्रोत आहे, आणि नवखे लोक तो बघतच नाहीत. जनगणना विभागाचेच ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’, लघुरूप एसएआयपीई. प्रत्येक काउंटीचं मध्यक घरटी उत्पन्न, १९९७ पासून दरवर्षी, त्याआधी १९८९, १९९३ आणि १९९५ चं. हे थेट मोजमाप नाही, प्रतिमान (मॉडेल) आहे. आयकर विवरणपत्रं, अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्या, वैयक्तिक उत्पन्नाचे सरकारी अंदाज यांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधतात आणि सर्व्हेच्या आकड्याशी त्याची सांगड घालतात. काउंटी जितकी लहान तितका सर्व्हेचा शब्द हलका आणि प्रतिमानाचा जड. फायदा असा की करविवरणाला वर्ष असतं. ट्रकांचं आवार रिकामं झालं की ते पुढच्या एप्रिलच्या विवरणपत्रात उमटतं, पाच वर्षं थांबत नाही. तोटा असा की प्रतिमान विक्षिप्त काउंटीला इतरांच्या ओळीत ओढतं, आणि तेजीतली मॅकेन्झी विक्षिप्तच होती.

एसएआयपीईत एक सांधा आहे. २००४ पर्यंत त्याच्या मुळाशी करंट पॉप्युलेशन सर्व्हे होता, २००५ पासून एसीएस. दोन्ही सर्व्हे उत्पन्न वेगवेगळ्या पद्धतीने विचारतात. त्यामुळे २००४ ते २००५ ची उडी किंवा घसरण जमेस धरू नका. माझ्या आलेखात मी तिथे रेघ तोडतोच, कोणी कितीही म्हटलं की दिसायला वाईट दिसतं. दुसरं, हे आकडे त्या त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात. एसीएसचे असतात संचाच्या शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये. सगळे एका वर्षावर आणल्याशिवाय एकाच कागदावर ठेवू नका. महागाईचा निर्देशांक कुठला यावर वाद घालता येतो. मी जनगणना विभागाने स्वतः बरीच वर्षं वापरलेला सीपीआय-यू-आरएस घेतो, कारण तो जुन्या वर्षांनाही नंतरच्याच पद्धतीने मोजतो. कुठलाही घ्या, पण शेवटपर्यंत तोच ठेवा. एक गोष्ट मात्र कुठल्याच देशव्यापी निर्देशांकात येत नाही. तेजीच्या भरात शेजारच्या विलिस्टनमधलं घरभाडं मोठ्या शहरांना मागे टाकत होतं. मॅकेन्झीतल्या भाडेकरूचं ‘खरं’ उत्पन्न देशाच्या महागाईने भागून येत नाही.

आता ज्या भागासाठी हे उत्तर लिहायला बसलो तो. मध्यक म्हणजे घरांना उत्पन्नाच्या क्रमाने उभं केलं की मधोमध येणारं घर. पण रांगेत उभं कोण आहे? मॅकेन्झीची लोकसंख्या १९८० ला ७,१३२ होती, २००० ला ५,७३७ झाली, २०१० ला ६,३६० आणि २०२० ला १४,७०४. त्या दशकात सगळ्या अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढलेली काउंटी हीच. २००० च्या रांगेतलं मधलं घर बहुधा गव्हाच्या किंवा गुरांच्या शेतकऱ्याचं, नाहीतर काउंटीचं मुख्य गाव असलेल्या वॉटफर्ड सिटीतल्या शिक्षिकेचं. २०१४ च्या रांगेत निम्म्याहून अधिक माणसं वेगळी. मध्यक वाढला म्हणजे शिक्षिकेचा पगार वाढला असं मुळीच नाही. ती होती तिथेच असेल, आणि तिच्या पुढे टेक्सासहून आलेले हजार लोक उभे राहिले असतील.

इथे मराठी माणसाची आणखी एक गफलत होते, कारण ‘हाउसहोल्ड’ आणि ‘फॅमिली’ दोन्हींना आपण कुटुंब म्हणून मोकळे होतो. भारताच्या जनगणनेत घर ठरतं चुलीवरून: एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. अमेरिकेत घर ठरतं निवासावरून: एका स्वतंत्र राहत्या जागेत राहणारे सगळे मिळून एक हाउसहोल्ड, नात्याचे असोत वा नसोत. हिंजवडीत नोकरीला लागलेली चार पोरं दोन खोल्यांत राहतात तसं डोळ्यांपुढे आणा. तेजीत वॉटफर्ड सिटीत घर मिळेना, तेव्हा चार ड्रिलर एका घरात राहिले. प्रत्येकाची कमाई ऐंशी हजार धरा. सर्व्हेच्या लेखी ते एक घर, उत्पन्न तीन लाख वीस हजार. पुढे भाडी उतरली, नव्या इमारती झाल्या, चौघांनी चार जागा घेतल्या. आता चार घरं, प्रत्येकी ऐंशी हजार. कुणाचाही पगार एका पैशाने कमी झाला नाही, पण आकड्यांत तीन लाखांचं एक घर नाहीसं झालं. म्हणून घरटी मध्यकाशेजारी मी नेहमी दरघरी माणसं किती आणि कमावणारे किती हे दोन रकाने ठेवतो. ते हलत असतील तर आधी त्यांची कथा सांगायची, मग उत्पन्नाची.

याच्या उलट टोकाला मॅन कॅम्प. कंपन्यांनी कामगारांसाठी उभारलेल्या त्या लांबलचक तात्पुरत्या बराकी. जनगणनेच्या व्याख्येत त्या सामूहिक निवास ठरतात, घर नव्हे. तिथे राहणाऱ्याची कमाई घरटी उत्पन्नाच्या तक्त्यात येतच नाही. आणि जो दोन आठवडे काम, एक आठवडा आपल्या गावी अशा पाळीवर येतो, त्याचं घर तर मुळात तिकडेच मोजलं जातं. त्यात एसीएसचा नियम वेगळा: कोणी एका जागी दोन महिन्यांहून जास्त राहत असेल किंवा राहणार असेल तर तो तिथलाच धरायचा. दशवार्षिक जनगणना मात्र ‘नेहमीचं राहण्याचं ठिकाण’ विचारते. ट्रेलरमध्ये पाच महिने काढणारा माणूस एका हिशेबात मॅकेन्झीचा आणि दुसऱ्यात आयडाहोचा असू शकतो. आपल्याकडे बीडचे ऊसतोड कामगार गाळप हंगामात कारखान्याच्या फडावर असतात, तेव्हा त्यांना कुठल्या गावचे धरायचे, तोच हा प्रश्न.

म्हणजे तेजीतली बरीचशी कमाई मध्यकात दिसतच नाही, आणि जी दिसते तिचा काही भाग घरांच्या टंचाईने फुगवलेला असतो. हे दोन्ही तुमच्या काउंटीत किती प्रमाणात झालं ते तिथल्या कॅम्पांच्या संख्येवर आणि कुठल्या वर्षी किती घरं बांधली गेली त्यावर अवलंबून आहे. घरबसल्या सांगता येणार नाही. काउंटीच्या नियोजन कार्यालयात फोन करा. कॅम्पांचे परवाने तिथेच दिले जातात आणि लहान काउंट्यांत फोन उचलणाऱ्या बाईलाच सगळं तोंडपाठ असतं.

शेतकऱ्यांबद्दल एकच सांगतो. जमिनीचा वरचा हक्क एकाचा आणि खालच्या खनिजाचा दुसऱ्याचा, असं तिकडे सर्रास असतं. खनिजाचा हक्क राखून असलेल्या घराला रॉयल्टी मिळते आणि सर्व्हेत ती व्याज-भाड्याच्या रकान्यात उत्पन्न म्हणून धरली जाते. शेजारच्याच्या आजोबांनी तो हक्क पूर्वी विकला असेल, तर त्याच्या वाट्याला फक्त धूळ आणि ट्रक. मध्यकाला हे कळत नाही. सरासरीला भलतंच कळतं. म्हणून ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिसचं दरडोई वैयक्तिक उत्पन्न, जे १९६९ पासून सलग मिळतं, ते मध्यकाच्या जागी वापरू नका. दिशा ताडून बघायला ठीक. पाऊस किंवा गव्हाचा भाव फिरला की त्यातलं शेती-उत्पन्न एका वर्षात गटांगळी खातं. तसंच ‘काउंटीतला सरासरी आठवडी पगार’ हा आकडाही दिसेल. तो कामाच्या जागेवरून मोजलेला असतो, राहत्या घरावरून नाही. त्यातला पगार कुठल्या राज्यात खर्च होतो कोण जाणे.

इथवरचा हिशेब असा: वर्षावर्षाची हालचाल बघायला एसएआयपीई, पक्के खांब म्हणून न शिरणारे एसीएस संच, आणि खांबांशेजारी माणसांचे रकाने. भाडेकरू आणि मालक यांचं मध्यक वेगवेगळं देणारा बी २५११९ तक्ता जरूर घ्या. तेजीत आलेले बहुतेक भाडेकरू असतात, जुने रहिवासी बहुतेक मालक. पक्की विभागणी नव्हे, पण ‘जुन्या लोकांचं काय झालं’ याच्या सगळ्यात जवळ जाणारी फट तीच. मार्जिन मात्र आणखी रुंदावेल, तयारी ठेवा.

वॉटफर्ड सिटीच्या परिसरासाठी दोन-तीन गणनाक्षेत्रं (जनगणनेसाठी काउंटीचे पाडलेले तुकडे) एकत्र करायची झाली तर त्यांच्या मध्यकांची सरासरी काढू नका. बी १९००१ मध्ये उत्पन्नाचे सोळा गट आणि प्रत्येक गटात किती घरं ते असतं. गटवार घरांची बेरीज करा आणि मध्यक नव्याने काढा. समजा एकूण घरं ५,०००; मधलं घर २,५०० वं. ७५,००० डॉलरच्या खाली २,३०० घरं भरतात, पुढच्या ७५,००० ते १,००,००० च्या गटात ८०० आहेत. आणखी २०० घरं हवीत, म्हणजे गटाचा चौथा हिस्सा. २५,००० चा चौथा हिस्सा ६,२५०. उत्तर ८१,२५० च्या आसपास. कागद-पेन्सिलीने होतं, आणि एकदा हाताने केलंत की मध्यक किती लवचीक असतो ते बोटांना कळतं: त्या गटात शंभर घरं इकडची तिकडे झाली तरी आकडा दोन-तीन हजारांनी सरकतो.

आता १९८०. जाता येतं, पण उड्या मारत. २००० पर्यंतच्या जनगणनेत काही घरांना लांब अर्ज मिळायचा आणि त्यात उत्पन्न विचारलं जायचं. देशभर साधारण सहा घरांमागे एक, पण लहान गावांत प्रमाण वाढवून अगदी दोनामागे एकपर्यंत. त्यामुळे ग्रामीण काउंटीसाठी २००० चा आकडा नंतरच्या कुठल्याही एसीएस संचापेक्षा भरवशाचा आहे, हे ऐकून लोक चकित होतात. फक्त लक्षात ठेवा, २००० च्या जनगणनेतलं उत्पन्न १९९९ चं, १९९० मधलं १९८९ चं, १९८० मधलं १९७९ चं. डॉलर बदलताना जनगणनेचं वर्ष धरलंत तर एका वर्षाच्या महागाईची चूक होते, आणि १९७९-८० ची महागाई म्हणजे तेरा टक्क्यांच्या घरातली. शिवाय ती जनगणना नेमकी आधीच्या, सत्तरच्या दशकाअखेरच्या तेलतेजीवर पडली होती. १९८० पासून सुरुवात केलीत तर पुढची वीस वर्षं उतरती कळा वाटेल. सुरुवात १९६९ च्या उत्पन्नापासून केलीत तर तीच वर्षं मूळपदावर आल्यासारखी दिसतील. म्हणून मी तरी १९६९ पासून सुरू करेन. जनगणना विभागाने १९६९, १९७९ आणि १९८९ साठी काउंटीवार घरटी मध्यकाचा ऐतिहासिक तक्ता केलेला आहे.

तो उघडताना शीर्षक दोनदा वाचा. तिथेच ‘फॅमिली’चा स्वतंत्र तक्ता आहे आणि त्यातले आकडे वरचे असतात, कारण एकट्या राहणाऱ्या विधवा आणि म्हातारे शेतकरी त्यात धरलेले नसतात. तुम्ही विचारताना १९७९ चा जो आकडा दिला होता, तो कुठल्या तक्त्यातला हे मला त्यावरून ओळखता आलं नाही. बाकी सगळ्याच्या आधी तेवढं तपासून घ्या.